फाउल म्हणजे घाण नव्हे

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, उजव्या पायाच्या अंगठ्याला लागलेली साधी ठेच चिघळली आणि मधुमेह जुना असल्यामुळे त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर पट्टी बदलत होत्या. जुना कापूस आणि गॉज त्यांनी चिमट्याने उचलून पिवळ्या पिशवीत टाकले, जखमेच्या कडा हलकेच दाबून पाहिल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, पू अजून आहे हं. आज परत साफ करू." मागोमाग आलेल्या डॉक्टरांनी केसपेपरवर इंग्रजीत जे लिहिले, त्यात 'फाउल स्मेलिंग' हे दोन शब्द ठसठशीत दिसत होते. अण्णांनी चष्मा लावून ते वाचले. छत्तीस वर्षे रेल्वेत काढलेल्या आणि त्यांतली पहिली बारा वर्षे सिग्नलच्या केबिनमध्ये लिव्हर ओढण्यात घालवलेल्या माणसाला हा शब्द नवा नव्हता. ते म्हणाले, "म्हणजे अंगठा अजून फाउल आहे तर. पण तुला एक सांगू का? फाउल म्हणजे घाण नव्हे. फाउल म्हणजे मोकळं नसणं."

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते आणि त्यावरच माझे घर चालते. बँका, गोदीतल्या कचेऱ्या, महापालिकेच्या निविदा, औषधांच्या चिठ्ठ्या अशा नाना प्रकारच्या कागदांतून हा शब्द माझ्यासमोर येत राहिला आहे आणि दर वेळी त्यासाठी मला मराठीत निराळा शब्द शोधावा लागला आहे. कोश उघडला की पहिला अर्थ 'घाणेरडा, गलिच्छ' असाच येतो, आणि मीही इतकी वर्षे असेच धरून चालले होते की तो अर्थ म्हणजे खोड आणि बाकीचे अर्थ म्हणजे त्याला फुटलेल्या फांद्या. अण्णांच्या त्या एका वाक्याने मला हा शब्द पुन्हा पहिल्यापासून पाहायला लावला.

पहिल्यापासून पाहू गेल्यास हा शब्द खरोखरच जखमेपाशी सुरू होतो. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार जवळजवळ आपल्या 'फूल'सारखा होता, अर्थ मात्र कुजलेला, सडलेला, दुर्गंध सुटलेला असा होता. 'फिल्थ' हा इंग्रजी शब्द त्याचीच लेक. युरोपातल्या आणि आपल्या भाषा ज्या आदिभाषेतून निघाल्या, तिच्यातल्या 'प' या ध्वनीचा जर्मानिक भाषांमध्ये 'फ' झाला. परीकथांमुळे ज्याचे नाव घरोघरी पोहोचले आहे, त्याच याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा ध्वनिबदल नियम म्हणून मांडला. या नियमाप्रमाणे जिथे संस्कृतात 'पितृ' आहे तिथे इंग्रजीत 'फादर' आहे, जिथे 'पाद' आहे तिथे 'फूट' आहे, आणि जिथे सडण्याचा अर्थ असलेले 'पूय' आणि 'पूति' आहेत तिथे 'फाउल' आहे. त्या 'पूय'चाच मराठीत 'पू' झाला. म्हणजे सिस्टरांनी तोंडाने जे सांगितले आणि डॉक्टरांनी कागदावर जे लिहिले, ते दोन्ही शब्द एकाच मुळाचे होते, आणि त्या खाटेवर पिता, त्याचा पाद आणि त्यातला पू असे या नियमाचे तिन्ही दाखले माझ्यासमोर पडलेले होते. हे लक्षात आले तेव्हा मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते आणि बराच वेळ तिथून उठले नाही.

आणखी एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. संस्कृतात 'पू' हा दुसराही एक धातू आहे आणि त्याचा अर्थ शुद्ध करणे असा आहे. 'पवित्र', 'पावन' हे शब्द त्यावरून आले. त्यामुळे 'पूत' म्हणजे शुद्ध केलेले आणि 'पूति' म्हणजे दुर्गंधी, असे दोन शब्द एका ऱ्हस्व इकाराच्या अंतरावर उभे आहेत.

तरीही अण्णांचा 'फाउल' हा या वासाच्या शब्दापासून बराच दूर गेलेला आहे. रेल्वेच्या नियमपुस्तकात 'फाउलिंग मार्क' नावाची एक खूण आहे. दोन रूळमार्ग जिथे एकमेकांत मिसळतात किंवा एकमेकांना छेदतात, तिथे ते जवळ येता येता एका ठिकाणी त्यांच्यातले अंतर ठरवून दिलेल्या मापापेक्षा कमी होऊ लागते. ज्या ठिकाणी हे घडते, त्या ठिकाणी दोन मार्गांच्या मधोमध जमिनीलगत एक पांढरा ठोकळा बसवलेला असतो. आपल्या मुंबईच्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असतो आणि दोन रुळांमधले अंतर १.६७६ मीटर असते, म्हणजे डबा रुळाच्या बाहेर दोन्ही बाजूंना जवळजवळ एकेक मीटर आलेला असतो. त्यामुळे केवळ चाके आपल्या रुळावर आहेत म्हणून गाडी सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. गाडीचा शेवटचा डबा त्या पांढऱ्या ठोकळ्याच्या आत पूर्ण आला, तरच शेजारचा मार्ग दुसऱ्या गाडीसाठी मोकळा होतो. नाही आला, तर गाडी 'फाउल उभी आहे' असे रेल्वेची माणसे म्हणतात.

अण्णांनी मला रुग्णालयातच एका रात्रीची हकिकत सांगितली. तेव्हा ते घाटाच्या पायथ्याकडच्या एका लहान स्टेशनात होते. एक लांब मालगाडी बाजूच्या लाइनीवर घेतली होती आणि मागून मेल यायची होती. मालगाडी थांबली, गार्डाने दिवाही दाखवला, पण अण्णांना केबिनच्या खिडकीतून तो दिवा जिथे दिसायला हवा होता तिथे दिसेना. ते सांधेवाल्याला घेऊन हातातला कंदील घेऊन पावसात चालत गेले, तेव्हा ब्रेकव्हॅनचे, म्हणजे गार्डाच्या शेवटच्या डब्याचे, मागचे टोक ठोकळ्याच्या बाहेर जेमतेम दोन हात राहिलेले आढळले. ते परतून केबिनमध्ये येईपर्यंत मेलला लाइन क्लिअर, म्हणजे पुढे येण्याची परवानगी, दिली गेली नाही, मालगाडी तेवढी पुढे ओढून घेतली गेली आणि मगच सिग्नल पडला. हे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "वॅगन धडधाकट होती, माल चांगला होता, गार्ड माझ्यापेक्षा अनुभवी होता. कुणातही काही खोट नव्हती. फक्त दोन हात जागा चुकली होती." आता हे काम रुळांतून वाहणाऱ्या विजेच्या मंडलांवर सोपवलेले आहे, डबा खुणेबाहेर राहिला तर शेजारच्या मार्गाचा सिग्नल आपोआप लालच राहतो. शब्द मात्र जुनाच वापरतात.

याच रेल्वेत 'फाउल' हा शब्द खऱ्याखुऱ्या मळासाठीही वापरला जातो, आणि तिथेही मला अण्णांचाच अर्थ दिसतो. रुळांखालची खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटरची असते आणि तिच्या दगडांमध्ये मुद्दाम पोकळ्या राहू दिलेल्या असतात, कारण पावसाचे पाणी त्यांतून निघून जायचे असते आणि गाडीचा भार त्या कोनेदार दगडांनी एकमेकांत अडकून पेलायचा असतो. वर्षानुवर्षे माती, धूळ, झिजलेल्या दगडांची भुकटी आणि आपण खिडकीतून व रुळांलगतच्या घरांतून टाकलेला कचरा त्या पोकळ्यांत बसत जातो. अशा खडीला इंजिनिअर 'फाउल' म्हणतात. ती दिसायला काळी असते म्हणून नव्हे. पोकळी बुजल्यामुळे पाणी अडते, चिखल वर येतो आणि रूळ खचू लागतो म्हणून. रात्रीच्या ब्लॉकमध्ये खडी उपसून, चाळून पुन्हा भरतात ती यासाठी.

एकदा हा धागा हाती लागल्यावर माझ्या कामातले जुने कागद मला निराळे दिसू लागले. इंग्रजीत 'फाउल'च्या समोर नेहमी 'फेअर', 'क्लीन' किंवा 'क्लिअर' यांपैकी एक शब्द उभा असतो. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला 'रफ वही' आणि 'फेअर वही' ठाऊक आहे. गुरुजी 'फेअर करून आण' म्हणत तेव्हा आपण ते मराठीच समजत होतो. या जोडीतला 'रफ' नंतरचा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रज नाटककारांच्या खाडाखोड केलेल्या हस्तलिखितांना 'फाउल पेपर्स' म्हणत आणि त्यावरून नीट उतरवून काढलेल्या प्रतीला 'फेअर कॉपी'. आपण याला 'कच्चा खर्डा' म्हणतो, आणि मला आपला शब्द अधिक आवडतो, कारण जे कच्चे आहे ते पिकणार आहे असे त्यात गृहीत धरलेले आहे.

भाषांतराच्या कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कचेरीचे काम माझ्याकडे आले होते. त्यात 'फाउल बिल ऑफ लेडिंग' असा शब्द होता आणि मी त्याचे 'अस्वच्छ माल-पावती' असे केले. तिथल्या एका वयस्क कारकुनांनी मला बोलावून एक खरी पावती दाखवली. जहाजावर माल चढवताना काही पोती फाटलेली, काही भिजलेली आढळली, आणि कप्तानाच्या वतीने पावतीवर तसे लिहिले गेले होते. पावतीचा कागद स्वच्छच होता. तिच्यावर शेरा होता. असा शेरा असलेली पावती बँक स्वीकारत नाही, कारण पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने पतपत्रांसाठी, म्हणजे कागद पाहून माल विकणाऱ्याला पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रांसाठी, केलेल्या आणि २००७ पासून लागू असलेल्या नियमांतही मालात किंवा वेष्टनात दोष असल्याचा शेरा नसलेलाच कागद ग्राह्य धरला जातो. त्या गृहस्थांनी माझा शब्द खोडून वर 'शेरा असलेली' एवढेच लिहिले. तेव्हा मला ते केवळ सोयीचे वाटले होते. आज कळते की त्यांनी शब्दाचा नेमका गाभा पकडला होता: या कागदावरून पैसे पुढे सरकणार नाहीत, वाट अडली आहे.

समुद्राच्या भाषेत तर हा अर्थ हाताने चाचपता येतो. नांगराचा दोर नांगराच्याच फाळाभोवती गुंडाळला गेला, तर तो 'फाउल अँकर' होतो, आणि असाच दोर गुंतलेला नांगर सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटिश आरमाराच्या मुद्रेवर मिरवत आला आहे. बोटीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपल्यांसारखे कवचाचे जीव चिकटून तिचा वेग मंदावतो, त्याला 'फाउलिंग' म्हणतात. ते टाळण्यासाठी ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये पहिल्यांदा एका युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकला होता. वर्सोव्याला किंवा ससून डॉकला १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात गेलात, तर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांचे बूड खरवडून त्यावर नवा रंग चढवण्याचे काम चाललेले दिसेल. कोळी बांधव त्याला कोणतेही इंग्रजी नाव देत नाहीत. पंख्यात जाळे अडकले तर 'अडकलं' म्हणतात, दोर गुंतला तर 'गुंतला' म्हणतात. आपल्या भाषेत ही क्रियापदेच पुरेशी आहेत.

खेळातला 'फाउल' सर्वांच्या ओळखीचा आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. खो-खोत मधली पाटी ओलांडली किंवा एकदा दिशा घेतल्यावर उलट फिरले, की पंच फाउल देतात आणि तसे करून बाद केलेला गडी बाद धरत नाहीत. आमच्या चाळीत इंग्रजी शब्द पोहोचण्याच्या आधीपासून यासाठी 'रडी' हा शब्द होता आणि 'रडीचा डाव खडी' हे पोरांच्या न्यायालयाचे शेवटचे वाक्य होते. अन्यायाच्या खेळाला इंग्रजीने सडण्याचा शब्द लावला आणि मराठीने रडण्याचा, हे मला विचार करण्यासारखे वाटते. वर्तमानपत्रात मात्र 'फाउल प्ले'साठी 'घातपात' हाच शब्द चालतो आणि तोच योग्य आहे.

मग राहतो तो वास. इथे मात्र इंग्रजी शब्द मला अपुरा वाटतो. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांना कुबट वास येतो, जुन्या खोबऱ्याला खवट, नासलेल्या पिठाला आंबूस, बंद खोलीला कोंदट, तळाला लागलेल्या दुधाला करपट. प्रत्येक शब्द कोणत्या वस्तूचे काय बिघडले आहे ते सांगतो, आणि त्यामुळे काय करायचे तेही त्यातच कळते: कपडे उन्हात टाकायचे, खोबरे फेकायचे, खिडकी उघडायची. 'फाउल स्मेल' एवढे म्हटले की वासाचा मालक नाहीसा होतो, आणि मग तो कुणाच्याही माथी मारता येतो.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. काही महिन्यांपूर्वी एका गृहसंकुलाची इंग्रजी सूचना मराठीत करून देण्यासाठी माझ्याकडे आली. घरोघरचा कचरा नेणाऱ्या कामगारांमुळे लिफ्टमध्ये 'फाउल स्मेल' राहतो, तरी त्यांनी रहिवाशांच्या लिफ्टचा वापर करू नये, असा तिचा आशय होता. मी ते वाक्य कितीतरी वेळ समोर घेऊन बसले. लिफ्टमध्ये जो वास राहतो, तो कोलंबीच्या सालांचा, लहान मुलांच्या डायपरचा, कुजलेल्या पालेभाजीचा असतो, म्हणजे आपल्याच घरांचा असतो. कचरा नेणारी बाई तो फक्त सातव्या मजल्यावरून खाली नेते. वाक्यात मात्र तो वास तिचा झाला होता. मी त्याऐवजी 'ओला कचरा झाकण असलेल्या डब्यातूनच द्यावा' अशी सूचना लिहून पाठवली आणि ती रहिवाशांना उद्देशून केली. ती मान्य झाली नाही, तेव्हा मी ते काम परत केले.

मराठीत लिहिणारी म्हणून मला हे टोचण्याचे कारण असे, की आपल्याकडे 'विटाळ' नावाचा शब्द आहे आणि त्याने हेच काम शेकडो वर्षे केले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबत गेलेल्या सत्याग्रहींनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले आणि त्यानंतर सवर्णांनी शेण-गोमूत्र घालून ते तळे 'शुद्ध' करून घेतले. गुरेढोरे ज्या तळ्यावर पाणी पीत होती, ते तळे माणसाची ओंजळ लागल्याने विटाळले असे ठरले. पाण्याला काही झाले नव्हते आणि ओंजळीलाही काही लागले नव्हते. कुणी कुठे उभे राहायचे याची कुणीतरी एक रेघ आखली होती आणि तिलाच लोक घाण म्हणत होते. रेल्वेचा पांढरा ठोकळा निदान सर्व गाड्यांना सारखाच लागू असतो, आणि दोन हात पुढे सरकल्यावर कोणत्याही डब्याला आयुष्यभर फाउल म्हणत नाहीत. मला अण्णांचा अर्थ जवळचा वाटतो तो यामुळे.

अण्णांचा अंगठा वाचला. जखम भरायला नऊ आठवडे लागले. चालायची परवानगी मिळाल्यावर त्यांनी मला कुर्ल्याला नेले, कारण रुग्णालयात सांगितलेली गोष्ट मी कागदावर काढलेल्या आकृतीवरून समजून घ्यावी हे त्यांना पटत नव्हते. सरकत्या जिन्याने आम्ही पादचारी पुलावर गेलो आणि जाळीपाशी उभे राहिलो. खाली एक मार्ग दुसऱ्याला येऊन मिळत होता. त्यांनी बोटाने दाखवेपर्यंत मला तो ठोकळा दिसलाच नाही. गवत वाढलेले होते आणि त्याचा पांढरा रंग खडीच्या धुळीने राखाडी झाला होता. एक लोकल सिग्नलला थांबून होती. शेजारच्या मार्गावरून दुसरी हळूहळू पुढे सरकत होती आणि अण्णा ओठांतल्या ओठांत तिचे डबे मोजत होते. बाराव्या डब्यामागचा लाल दिवा ठोकळ्याच्या पुढे गेला. ते म्हणाले, "आता बघ." थांबलेल्या लोकलच्या दारात उभी असलेली मुले एकदम आत सरकली आणि गाडी हलली.